रकाना नंबर अकरा

दोस्तांनो, एका फॉर्मबद्दल लिहितोय.

चार पानी फॉर्म. वर एका संस्थेचा शिक्का, खाली पैसे देणाऱ्या कंपनीचं चिन्ह. आमच्या वस्तीत घरोघर फिरून भरून घेतला. आमच्या घरी भरायला जो आला तो आमचाच पोरगा. पहिलीपासून माझ्या बाकावरचा. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत माझ्या बरोबरीनं निळा झेंडा धरलेला. मी दहावीला गणितात गचकलो आणि सूतगिरणीत रिंगखात्याला लागलो. तो शिकला, एमएसडब्ल्यू झाला. गळ्यात ओळखपत्र, पाठीला सॅक, तोंडात 'मावशी, जरा वेळ आहे का?' आमची आय त्याला बघून हरखली. आपल्या जातीचा पोरगा सायेब झाला, आणि सायेब होऊनसुद्धा आपल्या चुलीम्होरं मांडी घालून बसला.

फॉर्मात रकाना नंबर अकरा होता. 'कुटुंबाच्या समस्येचे मुख्य कारण.' त्याच्यापुढं पाच चौकोन. अ, व्यसन. ब, अशिक्षितपणा. क, अंधश्रद्धा. ड, मोठे कुटुंब. इ, इतर. 'इतर'च्या पुढं बोटभर रेघ.

"मावशी, घरात व्यसन कुणाला?"

"तुझा काका प्यायचा की. तुला ठावं न्हाई व्हय?"

"कधीपासून?"

"गटारीत उतराय लागल्यापास्नं."

माझा बाप कंत्राटदाराकडं सफाई कामगार होता. त्यानं पहिल्या दिवशी गटारीत पाय घातला आणि वर येऊन ओकला. दुसऱ्या दिवशी जोडीदारानं त्याला क्वार्टर पाजली, म्हणाला, आता उतर, वास येणार न्हाई. पुढं वीस वर्षं तेच. दोन वर्षांमागं खोकून खोकून गेला. आयनं एका वाक्यात हा सगळा इतिहास सांगितला. मित्रानं 'अ'च्या चौकोनात बरोबरची खूण केली आणि पान उलटलं.

मी रातपाळी करून आलो होतो, भिंतीला टेकून ऐकत होतो. म्हटलं, भावा, तू बरोबर ऐकलंस आणि चूक लिहिलंस. दारूमुळं गटार आली नाही, गटारीमुळं दारू आली. तो ओशाळला. म्हणाला, "मला कळतंय रे. पण ह्यात तसा चौकोन नाही."

दोस्तांनो, ह्या लेखात मला एवढंच सांगायचं आहे. तसा चौकोन नाही. तो का नाही, कोणी ठेवला नाही, आणि आपल्या पोरांनी हातात पेन धरून त्या चौकोनांत आपल्याच आयांना का बसवावं, ह्याचा हा जाब आहे.

आणखी एक गोष्ट आधी सांगून टाकतो, म्हणजे मागनं कुणी म्हणायला नको. महिन्याभरानं त्याच संस्थेचा मला निरोप आला. तुम्ही कविता करता, वस्तीत तुमचा शब्द चालतो, आमच्याकडे 'कम्युनिटी मोबिलायझर' म्हणून या. पगार गिरणीपेक्षा जास्त. रातपाळी नाही. छातीत कापसाचा फुफाटा जाणार नाही. मी म्हटलं, विचार करतो. आणि मित्राकडं त्याच्या कॉलेजच्या वह्या-पुस्तकं मागितली. साप्ताहिक सुट्टीला विहारात बसून ती वाचली. इंग्रजी अडलं तिथं त्यालाच विचारलं. मी शिकलेला नाही, पण ज्या धंद्यात जायचं त्याचं हत्यार आधी हातात घेऊन बघावं एवढी अक्कल गिरणीनं दिली आहे.

काय दिसलं ते सांगतो.

ह्या धंद्याचं मूळ लंडनात आहे. १८६९ साली तिथं चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी निघाली. गरिबाला मदत द्यायच्या आधी त्याची चौकशी करायची. हा गरीब मदतीला लायक आहे का नालायक? पितो का? आळशी आहे का? ही विद्या पुढं अमेरिकेत गेली. तिथं १९१७ साली मेरी रिचमंड नावाच्या बाईनं पुस्तक लिहिलं, 'सोशल डायग्नोसिस'. डायग्नोसिस म्हणजे रोगाचं निदान. बाई कष्टाळू होती, माणसाच्या भोवतालचं सगळं तपासा असंच सांगत होती. पण शब्द बघा. निदान करायला आधी रोगी लागतो. कारखानदार रोगी नव्हता, घरमालक रोगी नव्हता. रोगी म्हणून समोर बसवला तो मजूर.

मग १९५७ साली फेलिक्स बिस्टेक नावाच्या पाद्र्यानं सात तत्त्वं लिहिली. आजही एमएसडब्ल्यूच्या पोराला झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवील. प्रत्येक माणूस वेगळा माना. त्याला भावना मोकळ्या करू द्या. तुम्ही स्वतः भावनेत वाहून जाऊ नका. आहे तसा त्याला स्वीकारा. त्याच्यावर निवाडा करू नका. त्याचा निर्णय त्याला घेऊ द्या. त्याचं गुपित राखा.

वाचून मला बरं वाटलं, खोटं का बोलू? गावात ज्याला दीडशे वर्षं कुणी 'ये बस' म्हटलं नाही त्याला 'आहे तसा स्वीकारा' हे वाक्य गोडच लागणार. पण मी कामगार आहे. मशीन कसं दिसतं ते मी बघत नाही, चालू केल्यावर काय करतं ते बघतो.

आमच्या खात्यातलं बघा. १९४८ च्या कारखाना कायद्यानं पाचशे किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमायला लावला. कामगार चळवळीच्या रेट्यातनं आलेली चीज, वाईट नाही. समाजकार्याची पदवी घेतलेले कितीतरी लोक ह्या जागेवर लागतात. मी आधी ज्या गिरणीत बदलीवर होतो तिथंही एक होते. सज्जन माणूस. कार्डिंगला एका कंत्राटी पोराची दोन बोटं गेली. साहेब दवाखान्यात गेले, पोराच्या उशाशी बसले, पाठीवर हात फिरवला, "मन मोकळं कर" म्हणाले. पोरगा रडला. रडून झाल्यावर साहेबांनी कागद काढला. 'मशीन चालू असताना सूचना डावलून मी हात घातला.' पोरानं उरलेल्या बोटांनी सही केली.

आता तत्त्वं लावून बघा. भावना मोकळ्या केल्या? केल्या. साहेब भावनेत वाहून गेले? नाही गेले. स्वीकार केला? केला. निर्णय कुणी घेतला? पोरानं, स्वतःच्या सहीनं. सातातली बरीचशी तत्त्वं पाळली आणि पोराची भरपाई लटकली. पुढं साहेब मला गेटवर भेटले. मी विचारलं. खाली मान घालून म्हणाले, "माझा पगार कुठून होतो ते तुला माहीत आहे."

माहीत आहे साहेब. तुमच्या सात तत्त्वांत हे आठवं लिहायचं राहिलं. पगार देणाऱ्याच्या विरोधात जायचं नाही. आणि हे आठवं एकटं त्या सातांना खाऊन बसतं.

आता आपल्या देशातली हकिकत. समाजकार्याचं पहिलं कॉलेज १९३६ साली मुंबईत निघालं, सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क. पुढं १९४४ ला त्याचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं. क्लिफर्ड मॅन्शार्ट हा अमेरिकन मिशनरी नागपाड्यात नेबरहुड हाऊस चालवायचा, तोच पहिला संचालक. पैसा टाटांच्या ट्रस्टचा. त्या घराण्याच्या संपत्तीची एक जुनी मुळी नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये, १८७७ सालच्या गिरणीत आहे. म्हणजे कापसाच्या धाग्यातनंच हे कॉलेज विणलं गेलं. माझ्या आज्ज्याचा धंदा. आज्जा मुंबईत रिंगखात्यातच होता. त्याच्या बापाच्या वेळी आपल्या माणसाला विणकाम खात्यात घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि आपल्या तोंडानं धागा बाटायचा. जास्त पगार विणकामाला. हा प्रश्न बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात धसास लावला. १९८२ चा संप झाला आणि आज्जा बोचकं घेऊन गावाला परत आला.

१९३६ साल आणखी कशासाठी आठवतं? त्याच साली मे महिन्यात दादरला महार परिषद भरली आणि बाबासाहेबांनी धर्मांतर का, ते आपल्या लोकांना समजावून सांगितलं. त्याच साली जातिनिर्मूलनावरचं त्यांचं न होऊ दिलेलं भाषण छापून निघालं. त्याच साली स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. एकाच वर्षात दोन शाळा उघडल्या म्हणा. एका शाळेत गरिबाचं निदान शिकवत होते. दुसऱ्या शाळेत समाजाचं निदान चाललं होतं. माझा मित्र दोन वर्षं पहिल्या शाळेच्या पोटातल्या एका कॉलेजात शिकला. दुसऱ्या शाळेबद्दल त्याच्या वह्यांत दीड पान होतं.

पण खरा मुद्दा त्याच्याही चार वर्षं आधीचा आहे. तो ज्यानं वाचला नसेल त्यानं आज रात्री वाचावा.

१९३२. पुणे करार झाला. लगेच सवर्णांनी अस्पृश्यतानिवारणासाठी एक संघ काढला, अध्यक्ष बिर्ला, चिटणीस ठक्कर. तोच पुढं हरिजन सेवक संघ. बाबासाहेब गोलमेज परिषदेला बोटीनं निघाले होते. १४ नोव्हेंबरला बोटीवरनं त्यांनी ठक्करांना लांबलचक पत्र लिहिलं. पत्रात त्यांनी विचारलं की तुमचं काम कुठल्या समजुतीवर उभं राहणार? एक समजूत अशी, की माणूस हलाखीत आहे कारण त्याच्यात दोष आहेत. मग दारूबंदी करा, तालमी काढा, वाचनालयं काढा, त्याला सद्गुणी करा. दुसरी समजूत अशी, की माणसाला त्याच्या भोवतालची परिस्थिती मारते. मग परिस्थितीवर घाव घाला. बाबासाहेबांनी स्वच्छ सांगितलं की पहिल्या वाटेनं चार माणसं वर येतील, वर्ग खालीच राहील. म्हणून पाणवठे, शाळा, चावडी ह्यांवरच्या हक्कासाठी गावोगाव मोहीम काढा. कामधंद्यात समान संधीसाठी झगडा, गिरण्या-कारखान्यांतसुद्धा. ह्यातून दंगे होतील, डोकी फुटतील, तरी मागं हटू नका. आणि काम करायला माणसं घ्याल ती अस्पृश्यांतली घ्या, कारण ज्याचं त्या लोकांवर प्रेम आहे तोच त्यांची सेवा करील.

ह्या पत्राची साधी पोचसुद्धा आली नाही, असं बाबासाहेबांनीच १९४५ च्या आपल्या पुस्तकात नोंदवलं. आणि संघाच्या कारभारात अस्पृश्य का नाहीत असं विचारल्यावर गांधीजींचं म्हणणं पडलं की हे सवर्णांचं प्रायश्चित्त आहे, कर्ज त्यांच्या डोक्यावर आहे, तेव्हा फेडायचं कसं ते त्यांनीच बघायचं. बघा गंमत! आजारी आम्ही, आणि औषध पिऊन पुण्य त्यांना.

दोस्तांनो, आता तो फॉर्म परत काढा. व्यसन, अशिक्षितपणा, अंधश्रद्धा, मोठे कुटुंब. चारच्या चार चौकोन पहिल्या समजुतीचे. दुसरी समजूत, बाबासाहेबांची समजूत, 'इतर'मध्ये. बोटभर रेघेवर. जात इतर. कंत्राट इतर. तीन महिने थकलेला पगार इतर. महाडचं चवदार तळं इतर!

इथं शिकलेले दोस्त मला अडवतील. म्हणतील, तू जुन्या गोष्टी उगाळतोस, समाजकार्य बदललं आहे. खरं आहे, बदललं आहे. २०१४ साली मेलबर्नला जगातल्या समाजकार्य संघटनांनी नवी व्याख्या मान्य केली. तिच्यात सामाजिक न्याय आहे, मानवी हक्क आहेत, लोकांची मुक्ती हा शब्दसुद्धा आहे. आपल्याकडं दलित आणि आदिवासी प्रश्नांवर समाजकार्याचं वेगळं शिक्षण सुरू झालं, आपल्यातल्याच प्राध्यापकांनी त्यासाठी डोकं आपटलं. त्यांना माझा जयभीम. पण मला सांगा, व्याख्येत मुक्ती आली मग फॉर्मात का नाही आली? व्याख्या पुस्तकात राहते. फॉर्म वस्तीत येतो. व्याख्या प्राध्यापक लिहितो आणि फॉर्म पैसे देणारा.

पैशाचंही बघू. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नं मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्च करायला लावले. कुठल्या कामावर करायचे त्याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. भूक आहे, शिक्षण आहे, स्वच्छता आहे, मागासांची विषमता कमी करणंसुद्धा आहे. यादी वाईट नाही. पण कंत्राटी कामगाराला किमान वेतन द्या म्हणून गेटवर बसलेल्या बायांच्या मंडपाला कुठली कंपनी दोन टक्क्यांतनं पैसे देईल? तिचे अठ्ठ्याण्णव टक्के त्याच कंत्राटातनं निघत असतील तर? म्हणून संस्था भांडण सोडून देते आणि शिबिर घेते. हात धुण्याचं शिबिर. बचतीचं शिबिर. व्यसनमुक्तीचं शिबिर. आणि फोटो. सातवं तत्त्व गोपनीयता! आमच्या गल्लीतल्या पोरीचा नाकातनं शेंबूड आलेला फोटो एका कंपनीच्या कॅलेंडरवर मार्च महिन्याला लटकलेला मी डोळ्यांनी बघितला आहे. तिच्या आयला कुणी विचारलं नव्हतं.

गटारीचंच उदाहरण घेतो, कारण ती आमच्या घरात शिरलेली आहे. माणसाकडनं मैला उचलून घ्यायला बंदी करणारा कायदा १९९३ साली झाला. तो धड पाळला नाही म्हणून २०१३ ला दुसरा झाला. मधल्या काळात काम दोन तऱ्हेनं झालं. एका तऱ्हेत संस्थांनी सफाई कामगारांना मोजे वाटले, साबण वाटले, दारू सोडा म्हणून पथनाट्य केलं. दुसऱ्या तऱ्हेत बेझवाडा विल्सन नावाचा माणूस, स्वतः त्याच घरातला, सफाई कर्मचारी आंदोलनातनं गावोगाव फिरला. कोरडे संडास पाडले. बायांना टोपल्या टाकायला लावल्या. २००३ ला सुप्रीम कोर्टात गेले. अकरा वर्षं झुंजले. २७ मार्च २०१४ ला निकाल लागला, १९९३ पासून गटारीत मेलेल्या प्रत्येकाच्या घराला दहा लाख द्या. ऑक्टोबर २०२३ ला कोर्टानं दुसऱ्या एका खटल्यात तो आकडा तीस लाखांवर नेला.

माझा बाप गटारीत मेला नाही. गटार छातीत घेऊन घरी मेला. म्हणून दहाही नाहीत आणि तीसही नाहीत. आमच्या वाट्याला आला तो 'अ' चौकोन. पण विल्सनच्या लोकांनी निदान प्रश्न कुठं विचारायचा ते दाखवलं. मोजे वाटणाऱ्यानं विचारलं, हा पितो का? विल्सननं विचारलं, ह्याला खाली उतरवलं कुणी?

आता दुसरीकडचा दोष. आपला. आपण चळवळीतले लोक भाषणात एक नंबर. पण रेशनकार्डावर नाव चढवायला, टीबीच्या गोळ्या सहा महिने चालू ठेवायला, नवऱ्यानं मारलेल्या बाईला रात्री दोन वाजता पोलीस ठाण्यात न्यायला किती जण येतात? माझा मित्र येतो. संस्थेची गाडी येते. वस्तीतली बाई त्याला दुवा देते आणि आपल्याला म्हणते, तुम्ही फकस्त १४ एप्रिलला दिसता. खरंच म्हणते. तेव्हा सेवा हा शब्द ऐकून नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. सावित्रीमाई १८९७ च्या प्लेगात रोगी पोराला पाठीवर घेऊन गेली आणि त्यातच संपली. ती सेवाच होती. बाबासाहेबांनी १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, तिनं सोलापूरला पोरांसाठी वसतिगृह काढलं. तीही सेवाच. सभेत सवर्ण वकील-पुढारीही होते, बाबासाहेबांनी त्यांची मदत नाकारली नाही. पण काय करायचं ते बाबासाहेब ठरवत होते. वसतिगृहात शिकलेला पोरगा 'लाभार्थी' म्हणून मोजायचा नव्हता, उद्याचा कार्यकर्ता म्हणून उभा करायचा होता.

आमच्यापासून सायकलच्या अंतरावर माणगाव आहे. मार्च १९२० मध्ये तिथं आपली परिषद भरली. शाहू महाराज आले. राजा होता. पैसा होता, सत्ता होती, मनात आणलं असतं तर म्हणाला असता की मीच तुमचा उद्धारक. तो काय म्हणाला? तुमचा पुढारी तुम्हाला तुमच्यातच मिळाला, आणि आंबेडकरांकडं बोट दाखवलं. एवढं एक बोट जर ह्या धंद्याला दाखवता आलं असतं तर मला हा लेख लिहावा लागला नसता.

म्हणजे भांडण कामाशी नाही. भांडण हिशेबाशी आहे. काम कुणाला विचारून करता आणि झाल्यावर हिशेब कुणाला देता? संस्थेचा अहवाल कंपनीकडं जातो, सरकारकडं जातो, परदेशात जातो. वस्तीत का वाचून दाखवत नाहीत? 'स्वयंनिर्णय' हे तुमचंच तत्त्व आहे ना? मग निर्णय फॉर्म छापण्याच्या आधी घेऊ द्या. पाच चौकोन तुम्ही आखायचे आणि खूण कुठं करायची तेवढं आम्ही ठरवायचं, ह्याला स्वयंनिर्णय म्हणत नाहीत. ताट त्याचं, वाढणारा तो, आम्ही नुसतं आ करायचं.

आपल्यातली पुष्कळ पोरं-पोरी आज एमएसडब्ल्यू करतात. सरकारी नोकरी आटली, कारखान्यात कंत्राट, मग हाच एक दरवाजा उघडा दिसतो. त्यांना गद्दार म्हणणाऱ्यांच्या तोंडाला मी लागत नाही. पोट सगळ्यांना आहे. फक्त त्यांना माझं मागणं आहे, आणि ते मी पाच कलमांत मांडतो. बिस्टेकची सात आहेत, आमची पाच असू द्या.

एक. वस्तीत नेलेला प्रत्येक फॉर्म आधी विहारात वाचून दाखवा. लोकांनी रकाना बदला म्हटलं तर बदला. बदलता येत नसेल तर तसं लोकांसमोर सांगा.

दोन. माणसाच्या दोषाचं एक कारण लिहाल तर त्याच्याशेजारी पगाराचं, पाण्याचं, जातीचं कारणही लिहा. व्यसन लिहा, पण कधीपासून आणि कशापायी तेही लिहा.

तीन. अहवालाची एक प्रत मराठीत वस्तीत ठेवा. आमचे फोटो, आमचं दुःख आमच्या मर्जीशिवाय गावाबाहेर जाता कामा नये.

चार. वस्ती मोर्चा काढील त्या दिवशी रजा टाका आणि या. ओळखपत्र घरी ठेवा, झेंडा आमच्याकडं आहे.

पाच. भावनेत वाहून जाऊ नका हे तत्त्व आपल्या माणसांपुरतं विसरा. परका डॉक्टर अलिप्त राहू शकतो. तुमची आय त्याच नळावर भांडते.

आणि चळवळीतल्या दोस्तांनो, आपल्यालाही एक कलम. आठवड्यातनं एक संध्याकाळ फॉर्म भरायला, दवाखान्यात, रेशन दुकानावर जा. आपण रिकामी ठेवलेली जागाच संस्थांनी भाड्यानं घेतली आहे. १९७२ साली पँथर निघाली तेव्हा तिच्याकडं प्रोजेक्ट नव्हता, पण अत्याचार झालेल्या गावात पोरं पोचत होती.

मित्राचं पुढं काय झालं ते सांगून थांबतो.

पुढच्या रविवारी तो विहारात आला. कोरा फॉर्म घेऊन. बाया जमल्या होत्या. त्यानं रकाना नंबर अकरा मोठ्यानं वाचला आणि म्हणाला, आता तुम्ही सांगा, मी लिहितो. पहिल्यांदा कुणी बोलेना. मग माझी आय उठली. "लिव्ह. कंत्राटदार तीन तीन म्हयनं पगार देत न्हाई." मग दुसरी उठली. नळाला तिसऱ्या दिवशी पाणी. मग तिसरी. शाळेत पोरीला संडास साफ करायला लावतात, बाकीच्यांना नाही. 'इतर'ची रेघ कधीच संपली. त्यानं कागद उलटा केला आणि पाठचं कोरं पान भरलं.

ते पान त्यानं ऑफिसात दिलं. वरचा साहेब म्हणाला, ही माहिती आपल्या प्रोजेक्टात बसत नाही. मित्र अजून नोकरीत आहे. घरी म्हातारी आहे, कर्ज आहे, मी त्याला सोड म्हणणार नाही. पण त्या पानाची नक्कल त्यानं आम्हाला आणून दिली. तिच्यावर चाळीस अंगठे-सह्या घेऊन आम्ही कामगार खात्यात थकलेल्या पगाराचा अर्ज टाकला आहे. पोच घेतली आहे. बाबासाहेबांना मिळाली नव्हती, म्हणून आम्ही ती मागून घेतली.

मोबिलायझरच्या नोकरीला मी नाही म्हटलं. आय चार दिवस बोलली नाही. "शाना हाईस, मर त्या कापसात," म्हणाली. तिचं चूक नाही. रात्री मशीनपुढं तुटलेला धागा सांधताना माझ्याही मनात तो पगार येतो. पण विहारातलं ते उलटं पान डोळ्यांपुढं येतं, आणि तिच्याच तोंडचा तो पहिला शब्द.

लिव्ह.

तुमच्या वस्तीत फॉर्म येईल तेव्हा रकाना बघा. चौकोन नसेल तर कागद उलटा करा.

जय भीम.